नवमीचा फोटो

उमरठ,
भाद्रपद वद्य अष्टमी

विनीतदादास गौतमीचा नमस्कार.

इकडे सगळे बरे. बिरवाडीच्या खोलीत पाणी वेळेवर येतं ना? कशेडी घाटात परत दरड आली म्हणतात, रविवारी कार्यक्रमाला पाहुणे कसे येणार ही एक काळजी. दुसरी सांगायचा धीर होत नाही. फोन केला असता, पण रेंज फक्त अंगणात आणि अंगणात चिमाआजी बसलेली. तिच्यासमोर काय बोलू, कपाळ! म्हणून हे पत्र तिकडे निघालेल्या जितेशच्या हाती देतेय.

महाडला पणजोबांचा कार्यक्रम करतोयस, चांगलंच आहे. नमनाच्या खेळात गौळण होणारा भागोजी गावातून पळाला काय, मूकपटात शिरला काय, पुढं बोलपटांत आंधळा बाप, हवालदार, भटजी, मिळेल ते करत राहिला काय! जाहिरातीवर नाव कधी आलं नाही. आता येतंय तर मला का नको असेल? पण दादा, बॅनरवर तो फोटो नको.

कार्यक्रमासाठी आलेले पुण्याचे साहेब आपल्या देव्हाऱ्यासमोर म्हणाले, "अहो, ही मूकपटातली सासू! हे तर भागोजीच!" तू हसत टाळ्या पिटल्यास. नथ घातलेली ती बाई म्हणजे आपली आई, असं समजून आजी जन्मभर पुजतेय. तिची आई तिला जन्म देतानाच गेली. दर अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींच्या दिवशी, आजी त्या फोटोला हळदकुंकू लावते. स्वतःच्या बापाला!

उद्या नवमी. सकाळी काच पुसायच्या निमित्ताने मी फोटो उतरवून पेटीत लपवला. आजीची लगेच हाक, "गौतमे, आये कुठं हाय गो?" मला धड खोटंही बोलता येईना. रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"गप गो. मला ठावं हाय," आजी म्हणाली. "ल्हान असताना आये कशी व्हती म्हनून हट्ट धरला. तिचा फोटू कुठला? तवा बानं ह्यो दिलान. म्हनला, शिनेमातल्या कामाच्या वक्ताला तुज्या आयेवानीच बसलो व्हतो, पदर पन तसाच घेतला."

"मग कुंकू कुणाला लावतेस?"

"आयेला. नमनात चांगू गणपती होतो, तवा पाया कुनाच्या पडतेस?"

मग तिनेच भीत भीत विचारलं, "लोकं आयेला हसतील काय गो?" लोक हसतील, दादा. तूही हसला होतास.

फोटो लावायचाच तर लावा, आजी म्हणते, पण बॅनरवरचं 'मूकपटातली सासू' खोडायचं आणि खाली छापायचं, 'तुळजाबाई यांच्या भूमिकेत भागोजी'. बॅनर छापायला गेला असेल तर आजच्या आज थांबव, पाया पडते. पणजीचं नाव मला आज आजीकडून कळलं. तुला तरी ठाऊक होतं का?

उद्या तिचं पान वाढतेय. येच.

तुळजाबाईची पणती,
गौतमी