पूर्वेस काजली नदी

शिमूलदहच्या उत्तर पाड्यातल्या आणि दक्षिण पाड्यातल्या लोकहो, ज्यांच्या घाटाच्या पायऱ्या आज कोरड्या मातीत उतरतात त्या सगळ्यांनो, हे मृत्युपत्र तुमच्यासाठी आहे. रीत अशी की ते वारसांसाठी लिहावे. मला मूलबाळ नाही, आणि आपल्या सगळ्यांकडून एकच गोष्ट हिरावली गेली, ती म्हणजे नदी. म्हणून आरंभ असा केला आहे. वकीलबाबूंनी कपाळाला हात लावला, पण लिहू दिले.

मी, निभाननी बागची, कै. अनादिनाथ बागची यांची पत्नी, वय एक्याऐंशी, मुलींच्या शाळेतील निवृत्त शिक्षिका, राहणार स्टीमरघाट, शिमूलदह, असे जाहीर करते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, आणि श्वास अर्ध्या जिन्यावर संपतो. पण डॉक्टर निर्मलेंदू कर यांनी तपासून समज आणि स्मरण शाबूत असल्याचे लिहून दिले आहे. मला कोणी धमकावलेले नाही. गोड बोलून वळवण्याचा प्रयत्न पुतण्याने केला, त्याचे पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे कागद कचेरीत न वाचता घाटावर, मोठ्या आवाजात वाचावेत. अंमलबजावणी आमच्या शाळेच्या आजच्या मुख्याध्यापिका रत्नाबली सेन यांनी करावी. ती माझी विद्यार्थिनी. भूगोलात कच्ची होती, पण शब्दाची पक्की आहे.

पहिले, घाटाची जमीन. ही पाच कठ्ठे जमीन माझ्या पतीने स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर घेतली. तिच्या चतुःसीमा लिहिताना वकीलबाबू अडले.

"दीदीमणि, पश्चिमेला तुमचं घर, उत्तरेला शाळेची भिंत, दक्षिणेला बाजाराची वाट. पूर्वेला काय लिहू?"

"काजली नदी."

"नदी कुठाय आता? जलपर्णी आणि डास आहेत."

"दस्तात नदी आहे ना? मग नदीच लिहा. जलपर्णीला कोणी खातं दिलेलं नाही."

तेव्हा लिहिले आहे: पूर्वेस काजली नदी. तुमच्यापैकी ज्यांचे वय चाळिशीच्या आत आहे त्यांनी ती पाहिलेली नाही, म्हणून थोडे सांगते. माझ्या तोंडून हे तुम्ही सभांत पुष्कळदा ऐकलेत, टाळ्याही वाजवल्यात. आता टाळ्या नकोत.

आपले गाव नदीच्या विळ्यासारख्या वळणात वसले. इथे काही पिकत होते म्हणून नव्हे, तर पाणी खोल होते आणि होड्या टेकत होत्या म्हणून. मिठाच्या होड्या आल्या, मग निळीचे साहेब आले, त्यांच्यामागून ताग आणि स्टीमर. ज्याने त्याने गाव आपण वसवले असे म्हटले, वसवले नदीने. रेल्वे सात कोस लांबून गेली तेव्हाही गाव मेले नाही. पन्नास साली पलीकडच्या बंगालमधून माणसे भरभरून होड्या आल्या, त्यांतल्या एकीत मी होते, चौदा वर्षांची. आईच्या मांडीवर मासे चिरायची विळी होती, घरातून उचललेली तेवढी एकच वस्तू. काठावर उभ्या बायकांनी आम्ही कोण, कुठल्या जातीचे, काही विचारले नाही. एकीने विळी बघून हाक मारली, "अगं, ही इलिश चिरायला आलीये, उतरवून घ्या हिला!" माझ्या आईला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आले. ज्या गावाने मला उतरवून घेतले त्या गावाशी मी आयुष्यभर भांडले. हक्क होता, म्हणून भांडले.

अठ्ठ्याहत्तरच्या महापुरानंतर नदीने वळण सोडले. मधे वाळूचे बेट उठले, मुख्य प्रवाह बेटाच्या पलीकडून गेला. आपल्या वळणात मात्र एक धार राहिली होती. कमरेएवढी, पण वाहती. मासे होते, होड्या चालत होत्या. ती धार पुराने मारली नाही.

त्या वर्षीची दशमी म्हाताऱ्यांना आठवत असेल. पूजेला माहेरी आलेल्या देवीला आपल्याकडे काठावरून सोडत नाहीत. दोन होड्या शेजारी बांधून, त्यांवर आडव्या बांबूंवर देवीला उभी करून मधल्या पाण्यात नेतात, दोर सोडतात, होड्या दोन्हीकडे सरतात आणि देवी मधून खाली जाते. त्या वर्षी होड्या सरल्या आणि देवी कमरेएवढ्या पाण्यात, तळच्या चिखलात उभीच राहिली, दहाही हात वर. पलीकडच्या काठावरून कोणीतरी ओरडले, "शिमूलदहची दुर्गा माहेरीच राहणार म्हणे!" ती थट्टा गावाला फार लागली. पूर सोसला, ती सोसवली नाही.

पुढच्या वर्षी पूजा-समितीचे अध्यक्ष, माझे धाकटे दीर पशुपती बागची, यांनी ठरवले की देवीला खांद्यावरून बेटापलीकडे वाहत्या पाण्यात न्यायचे. त्यासाठी वळणाच्या वरच्या तोंडाशी, आमच्या घाटापासून बेटापर्यंत मातीचा बंधारा घालायचा. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"भाऊजी, धार अडेल."

"वहिनी, तीन दिवसांचा प्रश्न आहे. दशमी झाली की काढून टाकतो."

"माती टाकायला अख्खं गाव येईल. काढायला कोण येतं ते बघा."

"तुम्हाला देवीपेक्षा चिखल प्यारा!"

"देवीसुद्धा चिखलाचीच असते, भाऊजी."

लोक हसले, आणि टोपल्या उचलल्या. देवीला वाहत्या पाण्यात निरोप देण्यासाठी आपण वाहते पाणीच बांधून टाकले. दशमी झाली, लक्ष्मीपूजा झाली, कालीपूजा झाली. बंधाऱ्यावरून सायकली जाऊ लागल्या. मग विटा पडल्या, मग दुकाने आली, मग माझ्या दिरांच्या नावाचा संगमरवरी दगड आला. बंधाऱ्यामागे दर पावसाळ्यात गाळ बसत गेला आणि धार मेली. कोळीपाड्यातली निम्मी घरे केरळात वीटकामाला गेली. आणि हे सगळे देवीच्या नावाने झाले, म्हणून कोणाला दोषही देता येईना. मी दिला. एकोणीस वर्षे खटला चालवला. गेल्या माघात निकाल लागला: घाटाची जमीन माझी एकटीची, बंधाऱ्याचे मूळ टोक माझ्या जमिनीत, ते काढण्याचा मला पूर्ण अधिकार.

निकालाचा कागद घेऊन मी सभा बोलावली. सभेला चारशे माणसे आली. तासभर बोलले. पुढच्या रविवारी कुदळ घेऊन या म्हटले. रविवारी नावाडी मोकसेद माझी आला आणि त्याची म्हातारी शेळी आली. त्या दिवसापासून मला बोलण्याचा कंटाळा आला आहे. जगभरच्या क्रांत्यांची पुस्तके वाचली. टाळ्या वाजवून घरी जाणाऱ्या लोकांचे काय करायचे, ते एकाही पुस्तकात सापडले नाही.

म्हणून जमिनीची व्यवस्था अशी. माझ्या मरणाच्या दिवशी बंधारा कापलेला असेल आणि पाणी आत आलेले असेल, तर ही पाच कठ्ठे जमीन काजली मच्छीमार सहकारी मंडळीला जावी. बंधारा जागेवर असेल, तर ती पुतण्या अर्घ्य बागची याला जावी.

अर्घ्य त्या जमिनीचे काय करील हे तुम्हाला ठाऊक आहे. कारण तो सगळ्यांना नकाशा दाखवत फिरतो. मलाही दाखवला.

"मोठ्या काकू, सगळं बुजवून टाकायचं, आणि वर पाच मजली. नाव ठेवलंय, रिव्हर व्ह्यू."

"नदी बुजवून?"

"नावात राहतेच ना, काकू! तुम्हाला खालचा फ्लॅट. जिना नको."

पोरगा वाईट नाही. मला दर आठवड्याला संत्री आणतो. तुम्ही जी गोष्ट चाळीस वर्षे काही न करता करत आलात, ती तो कामाला लागून करणार आहे, एवढाच फरक. मी त्याचे नाव तुम्हाला धमकी म्हणून घातलेले नाही. तुमच्या वतीने ठरवून ठरवून मी थकले आहे. आता तुम्ही ठरवा. हा कागद तुमच्या ठरवण्याप्रमाणे वागेल.

दुसरे, राहते घर. हे पूर्वी स्टीमर कंपनीचे तिकीटघर होते, म्हणून त्याला खिडक्या जास्त आणि कपाटे कमी. बंधाऱ्यावर नऊ दुकाने आहेत. ती माणसे माझी वैरी नाहीत, पोटासाठी बसली आहेत. चहावाल्या खांतमणीने मला तोंडावर विचारले, "दीदीमणि, नदी आल्यावर मी काय किटली घेऊन पोहू?" प्रश्न बरोबर होता. खालचे चारही खण आणि अंगण या नऊ दुकानदारांना कायमचे द्यावे, रस्त्याकडच्या खिडक्यांची दारे करून घ्यावीत. घर देण्याला कसलीही अट नाही. अंगण तर मी आजपासूनच खुले करत आहे. आंब्याच्या सावलीतली जागा खांतमणीला. भांडणात माझ्यापुढे न हरलेली ती एकटीच.

तिसरे, होडी. पतीची होडी अंगणात उपडी पडली आहे. डांबर दर वर्षी लावले आहे, शेजाऱ्यांनी दर वर्षी विचारले आहे, "दीदीमणि, कुठे प्रवासाला का?" ती वल्ह्यांसकट मोकसेद माझीला. बंधारा गेल्यावर बेटावर जायला लोकांना लागेल. भाडे त्याने ठरवावे, पण शाळेच्या मुलींकडून घेऊ नये. मोकसेदला साक्षीदार करायचे मनात होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये असे वकीलबाबू म्हणाले. मोकसेद म्हणाला, "मग होडी राहू द्या, मी सहीच करतो." त्याला सही येत नाही. होडीच दिली.

पोस्टातील सर्व रक्कम शाळेला, फक्त एका कामासाठी: मुलींना पोहायला शिकवणे. नदीच्या गावात मुलींच्या दोन पिढ्या पाण्याला भिऊन वाढल्या, याची मला शिक्षिका म्हणून जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही. पुस्तके वाचनालयाला. वाळवी लागलेली आधी वाचावीत. आईची विळी कोळीपाड्यातल्या, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या कोणत्याही सुनेला. निवड तिथल्या बायकांनी करावी आणि त्यावरून भांडावे. सभांचा पत्र्याचा कर्णा खांतमणीला. तिला गरज नाही, पण तिच्या हातात तो शोभेल.

दिरांच्या नावाचा दगड कोणी फोडू नये. जपून काढून त्यांच्या अंगणात पोचवावा. संगमरवर चांगला आहे, वर कपडे आपटता येतात.

माझा दहाव्याचा थाटमाट नको. अस्थी दहनाच्या दिवशीच बेटापलीकडे सोडाव्यात. कशासाठीही थांबवू नयेत. मी आयुष्यभर वाट बघितली, राखेने बघायचे कारण नाही.

इथवर काल लिहून झाले. दुसरा साक्षीदार हवा होता. मी पशुपती बागचींना निरोप पाठवला. गावात माझ्या सहीखाली खोटे लिहिणार नाही अशी जी थोडी माणसे उरली, त्यांत ते आहेत. वैरी असले म्हणून काय झाले. खटला सुरू झाल्यापासून त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आज सकाळी काठी टेकत आले. अकरा वर्षांपूर्वी आमची धाकटी जाऊ त्या साचलेल्या पाण्याच्या डासांनी, तापाने गेली, तेव्हा मी त्यांच्या दारात बसले होते आणि ते आतून बाहेर आले नव्हते. आज चहा घेतला. चष्मा पुसून सगळे वाचले, दगडाचे कलमसुद्धा.

"कपडे आपटायला?"

"लिहिलं खरं. खोडू?"

"राहू द्या. दगड बरा आहे." मग पाने उलटून जमिनीच्या कलमाशी आले. "वहिनी, अर्घ्यचं नाव काढा."

"तुमचा मुलगा आहे तो."

"म्हणूनच म्हणतो. तो खरंच बुजवील. आणि लोक त्याला अडवणार नाहीत. तुम्हाला वाटतंय घाबरून कुदळ उचलतील. नाही उचलणार. फ्लॅट विचारायला जातील. मी या लोकांचा अध्यक्ष होतो, मला ठाऊक आहेत."

"मग काय लिहू?"

"अट काढा. जमीन सरळ कोळ्यांना द्या. आणि पहिली कुदळ कोण मारणार ते लिहा. लोक हुकमाने येत नाहीत, कोणीतरी आधी गेलेलं दिसलं तर येतात. तेव्हाही पहिली टोपली मीच टाकली होती ना?"

"तुम्ही चुकलात, असं म्हणताय का, भाऊजी?"

"ते मी म्हणणार नाही. सही कुठं करायची तेवढं दाखवा."

मी आयुष्यात पुष्कळ वाद जिंकले. हा हरले, आणि विश्रांती मिळाल्यासारखे वाटले. तेव्हा वरची अट मी माझ्या हाताने रद्द करते. घाटाची पाच कठ्ठे जमीन, पूर्वेस काजली नदी, बंधारा असो वा नसो, काजली मच्छीमार सहकारी मंडळीला द्यावी. अर्घ्यला माझा आशीर्वाद आणि संत्र्यांबद्दल आभार. खोडलेली अट कागदावर वाचता येईल अशीच ठेवली आहे. मी तुमच्याविषयी काय समजत होते ते तुम्हाला कळावे.

बंधारा कापण्याची परवानगी मी आजपासून देते, माझ्या मरणाची वाट बघू नये. आषाढात रथयात्रेच्या, म्हणजे रथाच्या दिवशी देवीच्या लाकडी सांगाड्याची पूजा होते आणि त्याला पहिली माती लागते. त्या वेळी पलीकडे पाणी चढू लागलेले असते. या वर्षी ती माती बंधाऱ्यातून काढायची आहे. पहिली कुदळ सत्त्याहत्तर वर्षांचे पशुपती बागची मारतील, तसे त्यांनी कबूल केले आहे. त्यांचा हात दुसऱ्यांदा उचलला जाणार नाही.

शिमूलदहकरांनो, रथाच्या दिवशी सूर्य उगवताना आपापल्या घरातून कुदळ आणि टोपली घेऊन स्टीमरघाटावर या, आणि दुसरा घाव तुम्ही घाला.

स्थळ: स्टीमरघाट, शिमूलदह
दिनांक: ९ एप्रिल २०१७, बंगाली सन १४२३, चैत्र

(सही) निभाननी बागची

वरील सही बाईंनी आमच्या देखत, शुद्धीवर असताना, स्वखुशीने केली. आम्हीही त्यांच्या व एकमेकांच्या देखत सही करत आहोत.

साक्षीदार १. (सही) डॉ. निर्मलेंदू कर, उत्तर पाडा
साक्षीदार २. (सही) पशुपती बागची, दक्षिण पाडा. कुदळ मारण्याविषयी लिहिलेले मला मान्य आहे.