डॉक्टर घरी आले तेव्हा

प्रिय रेवाताई,

फोनवर बोलायला गेलं की आई स्पीकर लावून मध्ये बसते, म्हणून कागद घेतला. शाळा सुटल्यापासून एवढं कधी लिहिलं नाही, चुका काढू नकोस.

मी बरा आहे. इथं परदेशात कुणीही कसा आहेस विचारलं तरी 'ग्रँड', म्हणजे एकदम मस्त, म्हणायचं असतं, त्यामुळे खरं सांगायची सवयच राहिली नाही. पुण्यात कुठंच टिकलो नाही, पण विमानतळाजवळच्या स्वोर्ड्स गावातल्या या हॉटेलात तंदूर सांभाळून आहे. सुट्टी सोमवारी, सगळे कामावर असतात तेव्हा. मग खिडकीतून विमानं उतरताना बघत बसतो. मराठी माणसं आहेत, गणपतीला भेटतात, चांगली वागतात. पण कुठल्या कंपनीत, असं कुणी विचारलं की माझं बोलणं संपतं.

खोलीत सोबतीला पावेल आहे. चेक देशातला आहे तो, विमानतळावर सामान चढवतो. परवा त्यानं त्याच्या भाषेतला सिनेमा लावला, अर्धा पोलिसांचा, अर्धा हॉस्पिटलचा. खाली इंग्रजी अक्षरं येतात, पण मी पहिला शब्द लावेपर्यंत ओळ पळून जाते, म्हणून तोच सांगत होता. वॉर्डात एक म्हातारा चुकीच्या इंजेक्शनानं जातो. इन्स्पेक्टर नर्सला विचारत राहतो, ती गप्पच. मी म्हटलं, हिनंच केलं. पावेल म्हणाला, "तिच्याकडे नको बघूस. तिच्याशी गोड कोण वागतंय ते बघ." तेवढ्यात मोठा सर्जन फळं घेऊन तिच्या आईकडे जातो, आणि म्हातारी हरखून जाते. मी सिनेमा थांबवायला लावला.

कारण आदल्याच दिवशी आपली आई कौतुकानं सांगत होती, की तुमच्या हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर स्वतः घरी आले. सफरचंदांची पेटी ठेवली. म्हणाले, पोरीनं घाबरायचं नाही, आपल्या हातून चूक झाली एवढं पोलिसांना सांगायचं, पुढचं मी बघतो. आईनं ठेवणीतल्या कपांत चहा दिला आणि तुला त्यांच्या पाया पडायला लावलं. एवढा मोठा माणूस आपल्या दारात आला, हे तिनं मला तीनदा सांगितलं. मीसुद्धा म्हणालो, देवमाणूस आहे.

ताई, तुझ्या वॉर्डातला पेशंट गेला त्या संध्याकाळी तूच मला रडत सांगितलं होतंस. डोस त्यांनीच फोनवरून सांगितला. जास्त वाटतोय म्हणालीस, तर तुझ्यावर ओरडले. मग पाया का गं पडलीस?

पावेल सिनेमाचा शेवट सांगत होता, मी नको म्हटलं.

इथला विलास उद्या पुण्याला निघालाय, तो हे तुझ्याच हातात देईल. जबाबात डॉक्टरांचं नाव घे. आई रडेल, गावात तोंड कसं दाखवू म्हणेल. तिला मी समजावतो. मालकाला सांगून नोकरी सोडली, पुढच्या आठवड्यात पोचतोय. देवा पुन्हा पळून आला म्हणतील, म्हणू देत. तोवर कशावरही सही करू नकोस. पोलीस ठाण्यात तुझ्या शेजारच्या खुर्चीवर मी बसणार आहे.

तुझाच,
देवा