शांत पाणी मागू नये

४ जून
वाणसामान आलं — साखर, साबण, वातींचा कापूस, मिळून १४२. आणि सूनबाईने आणलेली मासे ठेवायची जुनी काचपेटी — ३००! मासे नाहीत, नुसती पेटी. विचारलं तर म्हणते, "आई, उद्या तुम्हाला समुद्र दाखवते." मी भांडी जरा जोरात घासली.

५ जून
काय पाहिलं आज! पेटीत पाणी भरलं, एका टोकाखाली पाट सारला. उंच टोकाला तिने कुंडीतली माती कालवलेलं लोटीभर पाणी ओतलं. वाटलं, सगळं गढूळ होणार. छे! मातीचं पाणी जड — ते खाली बसलं आणि तळ धरून धावत सुटलं. पुढे गोल डोकं, मागे शेपूट. वरचं पाणी ढिम्म हललं नाही! दुसऱ्या टोकाला दमलं आणि सगळी माती पंख्यासारखी पसरली.

"खऱ्या समुद्रात हेच होतं, आई. नदीने आणलेला गाळ काठाशी साठतो, एक दिवस घसरतो. मग शेकडो मैल पळतो. दऱ्या कोरतो, तळाशी टाकलेल्या फोनच्या तारा तोडतो, आणि वर जहाजातल्या माणसाला पत्ता नाही!"

"परत कर," म्हटलं. तीनदा करायला लावलं. हे दारातून म्हणाले, "घरात समुद्र आला, आता या वयात मला खलाशी करणार वाटतं." फरशी त्यांच्याकडूनच पुसून घेतली.

अशाच एका दरीच्या तळाशी तिने गेल्या हिवाळ्यात अशा गाळाच्या लोंढ्याचा वेग मोजणारं यंत्र सोडलंय. जुलैत जहाजाने आणायला जाणार. त्यात काही मिळालं तर तिचं काम पुढे चालू, नाहीतर बंद.

१९ जून
फजिती! संध्याकाळी देवापुढे मोठ्याने बोलून गेले — पोरीच्या यंत्रापाशी पाणी शांत ठेव रे बाबा. सूनबाई ओल्या हातांनी पळत आली. "अहो आई, शांत नको! लोंढा यायला हवा! नाहीतर यंत्र कोरंच परत येईल. कधीपासून मागताय हे?"

"तू ते पाण्यात सोडलंस तेव्हापासून."

कपाळाला हात लावून खाली बसली आणि हसत सुटली. माझं मात्र धाबं दणाणलं. घातलेलं गाऱ्हाणं मागे कसं घ्यायचं?

२० जून
पहाटे अंघोळ करून नवं गाऱ्हाणं घातलं. आधीचं विसर देवा, बाई अडाणी समज. लोंढा पाठव.

२ जुलै
वरच्या मुलखात नदीला पूर. पेपरात वाचून आनंद झाला — मग तिथल्या माणसांची आठवण होऊन लाज वाटली. त्यांच्यासाठीही हात जोडले.

१५ जुलै
गेली जहाजावर. चिरंजीवांचं तोंड उतरलेलं. "बायकोची वाट बघत घरी बसणारा मीच पहिला!" म्हटलं, खलाशांच्या बायकांनी इतकी वर्षं दुसरं काय केलं?

२८ जुलै
बंदरावरून फोन. लोंढा आला होता!! जहाजावरून आवाज सोडून तळ मोजतात — दरी आणखी पुरुष-दीड पुरुष खोल कोरलीय, खड्डा होता तिथे गाळाचा ढीग! ती ओरडत होती, मीही ओरडले, शेजारीण धावत आली.

मग हळूच म्हणाली, "पण आई, यंत्रही घेऊन गेला."

किती वेगाने आला, केव्हा आला, सगळं त्या यंत्रात. तिच्या कचेरीचे साहेब म्हणाले, नोंद नाही तर ऑगस्टअखेर काम बंद.

चूक माझीच. लोंढा पाठव म्हणाले. केवढा, ते सांगितलंच नाही!

३० जुलै
सूनबाई आली. सामान न सोडता पेटीत पाणी भरून बसली. मी माती कालवून दिली.

११ ऑगस्ट
टपालाने जाडजूड अक्षरातलं पत्र — माझ्या नावाने! यंत्राच्या तरंगत्या गोळ्यावर सूनबाईने माझं नाव आणि घरचा पत्ता घातला होता म्हणे. "कचेरीत पत्र पडून राहतं, आई. घरी तुम्ही असता." कोणी मच्छीमार आहे. लिहितो — "बाई, तुमचा पिवळा गोळा माझ्या जाळ्यात आला. खाली यंत्र लोंबतंय, फोडलेलं नाही. घरचे म्हणतात भंगारात घाल, मी अडवून धरलंय. हवंय का? उलट टपाली कळवा."