लांबटांग्या आणि टाकीतले किडे

३ फेब्रुवारी

पुन्हा किडे! टाकीतला मोठा दगड उचलला तर खाली नुसती वळवळ. बोटाएवढे लांब, दोन्ही अंगांना काटेरी केस. महिन्यापूर्वी शोधावे लागायचे. एकाला हात लागला, अजून आग होतेय.

असो. दिवसभर लोकांचं रक्त तपासणारी बाई मी — किड्यांना घाबरते की काय! राणीला काही होता कामा नये, एवढंच. आईने आणलेल्या माशांपैकी ही एकच उरलीय. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांची, अकरा वर्षांची. आई गेल्यापासून बाबा सकाळी बोलतात ते हिच्याशीच. ती गेली तर बाबांचं काय होईल — नकोच तो विचार.

४ फेब्रुवारी

मासेवाल्याकडे गेले. औषध नको म्हणाला, खाऱ्या पाण्यातले बाकीचे जीवही जातात. "किडे खाणारा कुणीतरी सोडा ना ताई. पण खाणं किती घालता?"

एकदाच, सकाळी, चिमूटभर! बाबा घालतात आणि फ्रिजवरच्या तक्त्यात खूण करतात. अगदी आमच्या लॅबसारखं. त्याने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. अक्कल पाजळायची सवयच आहे त्याला.

५ फेब्रुवारी

खेकडा आणला. चिमुकलं टोकदार अंग आणि हे लांबच लांब पाय! लेकीने नाव ठेवलं, लांबटांग्या. बाबा म्हणाले, "हा कोळी पाण्यात कसा पडला?" हसून हसून पोट दुखलं.

९ फेब्रुवारी

आज पाहिलं! लांबटांग्याने फटीतून किडा दोऱ्यासारखा ओढून काढला आणि उभ्या उभ्या गट्टम. शाबास रे पठ्ठ्या!

बाबांनी पुन्हा विचारलं, "हा कोळी पाण्यात कसा पडला?" आपण एकदा हसलो की बाबा तो विनोद सोडत नाहीत.

१४ फेब्रुवारी

माशांचं खाणं संपलं. गेल्याच आठवड्यात आणलं होतं! हल्ली डबे अर्धेच भरून विकतात मेले.

२० फेब्रुवारी

दगड उचलला — एक किडा नाही! म्हटलं नव्हतं? मासेवाल्याला फोटोच पाठवला.

तक्ताही पाहिला. रोज एक खूण, एकही दिवस चुकला नाही. आणि बाबांची खूण कशी ठळक! माझ्यासारखी मुळमुळीत नाही. लेकीला म्हटलं, शीक जरा आजोबांकडून.

२४ फेब्रुवारी

पाणी दुधाळ झालंय. राणी वर येऊन तोंड उघडमीट करतेय. तपासलं तर अमोनिया, म्हणजे काहीतरी सडतंय! अर्धं पाणी बदललं. कारण सापडेलच, मी सोडणारी नाही.

लेकीला झापलं. तूच बिस्किटं टाकतेस! ती रडली. "शप्पथ आई, मी नाही." खरं नाही वाटलं मला.

२५ फेब्रुवारी

मासेवाला स्वतः घरी आला. वाळूत नळी घालून गाळ काढला — माशांचं खाणं, सडलेलं, मूठभर. "ताई, ते किडे उरलंसुरलं खातात. इतके माजले म्हणजे कुणीतरी त्यांना भरपूर वाढत होतं. खाणारे तुम्ही संपवलेत, वाढणं चालूच आहे."

काहीतरीच! तक्ता काढून त्याच्या नाकासमोर धरला. रोज एकच खूण, बघा! धरताना कागद मागून बोटांना खरखरीत लागला. उलटा केला. प्रत्येक चौकोनामागे उंचवटा. दोन-तीन ठिकाणी तर कागद फाटलाय. एका खुणेला एवढा जोर कशाला लागतो?

लेकीची माफी मागितली. मासेवाल्याचीही मागायला हवी होती.

२६ फेब्रुवारी

कामावर गेले नाही. स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिले. अकरापर्यंत बाबांचं चार वेळा — डबा, चिमूट, मग फ्रिजपाशी जाऊन त्याच चौकोनात, त्याच खुणेवर पेन्सिल. मी मागोमाग जाळीने खाणं उपसत होते.

बाबा पाचव्यांदा उठले तेव्हा मी डब्यावर हात ठेवला. बाबा ओशाळले. हळूच म्हणाले, "आज राणीचं खाणं विसरलोच बघ. आईला सांगू नकोस हं."

नाही सांगत, म्हटलं.