बिनड्रायव्हरच्या गाडीतली प्रतिक्षा

फिनिक्स, अमेरिका
९ मार्च २०२५

ति. बाबांस, प्रतिक्षाचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो खुशबूला पाठवते. धाकटीनं न गाळता वाचायला द्यावा.

मिरगीमुळे मला इथं गाडी चालवायचा परवाना नाही. ऑफिसला जायला रोज कुणाची तरी मनधरणी करावी लागे. आता शहरात बिनड्रायव्हरच्या टॅक्सी आहेत. मोबाईलवर बोलावली की दारात येते, माणूस दिसला की थांबते. उशिरा परतताना आरशातून माझ्याकडे बघत राहणारा कुणी नसतो. बाबा, मी पहिल्यांदा एकटी फिरून राहिले.

माया आहे तशी राहू द्या.
प्रतिक्षा

लाखांदूर
१२ मार्च

चि. प्रतिक्षा हिस, बाबाचा जय भीम.

तू एकटी हिंडतेस, बरं वाटलं. पण झोप उडाली. गाडी रस्त्यावरचा माणूस पाहते म्हणतेस. आत बसलेल्या पोरीले झटका आला तर तिले कोण पाहील? साकोलीच्या एसटीत तुले झटका आला, तवा कंडक्टरनं बस सरळ दवाखान्यात नेली होती. याचं उत्तर दे, मंगच त्या गाडीत बस. खुशबू म्हणते, ताई तिकडं मजेत अन् तुमी दोघं इकडं तिच्या काळजीनं उपाशी.

आईची अन् माझी आठवण ठेव.
गुलाब

फिनिक्स
२१ मार्च

ति. बाबांस, स. जय भीम.

उत्तराला उशीर झाला. मंगळवारी गाडीतच झटका आला. मी बेशुद्ध, आणि गाडी ठरल्याप्रमाणे ऑफिससमोर जाऊन उभी राहिली. टॅक्सी कंपनीची बाई गाडीतल्या स्पीकरवरून विचारत राहिली, मी ठीक आहे का. दारं बंद. मागच्या गाडीतला माणूस हॉर्न वाजवून वैतागला, भांडायला उतरला, तेव्हा त्याला मी सीटखाली घसरलेली दिसले. तो काच बडवून ओरडला, मग कुठे त्या बाईनं दुरून दार उघडलं. त्यानं मला कुशीवर वळवलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत हात धरून बसला. हे त्यानंच नंतर सांगितलं.

आता बरी आहे. पण मी स्वतः चालवत असते, तर कुणाला तरी चिरडलं असतं. मला परत बोलावू नका.

रागावला असाल तरी लोभ असू द्या.
प्रतिक्षा

लाखांदूर
२५ मार्च

चि. प्रतिक्षा हिस, जय भीम.

दोन पत्रं लिहिली अन् फाडली. दोन्हीत परत ये, एवढंच होतं. पण इथं तुले बाजारापर्यंतही कोणी एकटं जाऊ देणार नाही. पहिला मीच अडवीन.

म्हणून खुशबूले घेऊन पासपोर्टचा अर्ज भरून आलो. तुले थांबवाले नाही येऊन राहिलो. तुझ्यासंग त्या गाडीत बसीन. रस्ता गाडी पाहील, तुले मी पाहीन. तोवर कोणाले तरी संग घेत जा.

त्या माणसाले माझा जय भीम सांग. बापानं तो काहून धाडला, ते त्याले समजावून सांगजो.

तुझा बाबा
गुलाब