लढाई उधन्यात नव्हती, आबा

आबा, परवा टीव्हीवर चौघे जण तावातावाने भांडत होते. लढाईच्या काळात पकडलेल्या माणसाला मारून मारून बोलतं केलं, तर मारणाऱ्यावर युद्धगुन्ह्याचा खटला भरावा की नाही, यावर. तुमचा नातू आता वकील आहे. त्याने विचारलं, "आई, तुला काय वाटतं?" मी फटकन म्हणाले, "भरावा की! सोडायचं कशाला?" उधन्याची हकिगत मीच त्याला कधीतरी सांगितली होती. तो म्हणाला, "आजोबांवरसुद्धा?" मी उठून टीव्ही बंद केला.

एकाहत्तरची लढाई. सुरतेत ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद. आई तापाने पडलेली, म्हणून कॉलेजला दांडी मारून भर दुपारी मी तुमचा डबा घेऊन उधन्याच्या पोलीस चौकीत येते. आतल्या खोलीचं दार उघडंच आहे. एक माणूस छताच्या कडीला मनगटांनी टांगलाय, पायाची बोटं जेमतेम फरशीला टेकताहेत, आणि तुम्ही त्याच्या पाठीवर पट्टा ओढताय. "विमानांना खुणा करत होतास? कुणाच्या सांगण्यावरून?" फटक्यासरशी तो गरकन फिरतो, नाकातलं रक्त भिंतीवर उडतं. "मन्ही माय मरनी, साहेब! तिना दिवा शे!" तो खानदेशातून आलेला, लुमावर कापड विणणारा कामगार होता. त्याची आई राहत्या खोलीतच वारली, म्हणून जिथे तिचं डोकं होतं तिथे त्याने दिवा लावलेला. दहा दिवस विझू द्यायचा नसतो. पत्र्याच्या फटीतून उजेड दिसला आणि लोकांनी त्याला हेर म्हणून फरफटत तुमच्यापुढे आणलं.

अहो, तुम्हाला हे माहीत नव्हतं? आजी, तुमची आई, गेली तेव्हा त्या दिव्याशेजारी चटई टाकून तुम्हीच झोपत होतात ना? वात नुसती फडफडली तरी दचकून उठायचात.

त्याला खाली उतरवलंत तेव्हा मला वाटलं, झालं, सुटला बिचारा. तुम्ही त्याची बोटं टेबलाच्या खणात घातलीत आणि खण गुडघ्याने ढकललात. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, आबा. मग त्याने नाव सांगितलं. दिव्याला तेल देणाऱ्या शेजाऱ्याचं! दुसरं कोण आठवणार त्याला? शिपाई त्या शेजाऱ्याला आणायला धावले. तुम्ही हात धुतलेत, बाकावर बसलात, डबा उघडलात आणि म्हणालात, "भाजीत मीठ कमी आहे."

घरी मी म्हणाले, "तो खरं बोलत होता, आबा. तुम्हाला ठाऊक होतं." तुम्ही माझ्या मुस्काटात मारलीत. "कॉलेजात जातेस म्हणून मला शिकवू नकोस. वरच्या साहेबांना नाव हवं होतं. लढाई चालू आहे." कसली लढाई डोंबलाची! लढाई सरहद्दीवर होती, उधन्यात नव्हती. शत्रूचा शिपाई हाती लागला तरी त्याला असं फोडायचं नाही, असा कायदा आहे म्हणतात. हा तर आपलाच माणूस, आपल्याच मुलखातला, हातात फक्त तेलाची वाटी. लढाई संपल्यावर दोघांना सोडून दिलंत. तुम्हाला शाबासकी मिळाली. त्याला पुढे लुमावर तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येईना, म्हणून तो गावी गेला. आईचा दिवा तर पहिल्याच दिवशी शिपायाने बुटाने लवंडला होता.

मला तुमचा राग येतो. आणि तापात माझ्या कपाळावर घड्या ठेवणारे तुमचे हातही आठवतात, तेच हात, म्हणून जास्तच राग येतो. तुमच्या नातवाला मी शेवटी सांगितलं, "हो, आजोबांवरसुद्धा. त्यांच्यावर आधी." तसंच मला वाटतं, त्यात बदल नाही.

तुम्ही आता नाही, हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहवतंय. पण खरं सांगू, आबा? तेव्हा वॉरंट घेऊन कुणी आपल्या क्वार्टरवर आलं असतं ना, तर मीच दारात आडवी उभी राहून म्हणाले असते, "आबा घरात नाहीत."