व्होल्गाकाठच्या गावापायी गेलेला नारळ

बोरखेडी, ता. केळापूर
२६ सप्टेंबर १९६१

तीर्थस्वरूप नीळकंठमामांना यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार (हल्ली कंबर वाकत नाही, तेव्हा तो कागदावरच घातला असं समजावं). आपला गुडघा कसा आहे? मामींचा दमा? इकडे सर्व खुशाल आहेत, मी सोडून.

गणेशोत्सवातल्या माझ्या व्याख्यानाचा विषय आपणच सुचवलात: 'व्होल्गाकाठचं एक छोटं गाव, त्याचा इतिहास आणि स्वभाव'. (पाठवतो म्हणालात त्या पुस्तकाबद्दल शेवटी लिहितो.) मी किती सरळ मनानं बोललो म्हणून सांगू! म्हटलं, मिठाचे व्यापारी नदीच्या उतारापाशी मुक्काम करत, त्यातून हे गाव वसलं. हिवाळ्यात नदी गोठते आणि तिच्यावरून गाड्या जातात. प्रार्थनामंदिरं दोन, आणि घंटा कुणाची मोठी यावरून त्यांचं पिढ्यानपिढ्या भांडण. दुकानदार दुपारी दुकानातच आडवे होतात आणि गिऱ्हाईक आलं तर रागावतात. दर निवडणुकीला पूल बांधायचं ठरतं आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत ठरलेलंच राहतं. एक जाडे पुढारी आहेत, ते प्रत्येक सभेत पहिल्या खुर्चीत बसून घोरतात. यात मी कुणाचं काय घोडं मारलं?

पण मंडप असा हसला की पहिल्या खुर्चीतले आमचे सरपंच वामनराव दचकून जागे झाले. शेजाऱ्यानं त्यांना सगळं सांगितलं (तेही तिखटमीठ लावून), आणि गृहस्थ गरजले, "मास्तर, रशियाच्या नावानं आमालेच शिव्या देऊन राह्यले काय?" चोराच्या मनात चांदणं! मग दुकानदार उठले, दोन्ही देवळांचे पंच उठले. (एरवी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, त्यांना एका बाजूला आणलं मी, पण आभार कुणी मानले?) खूश होते ते एकटे नदीपलीकडच्या तांड्याचे खेमसिंग नाईक. त्यांचे वाडवडील बैलांवर मीठ वाहायचे, म्हणून ते गाव त्यांना घरचंच वाटलं. पुरातून बैलाचं शेपूट धरून आलेला माणूस! त्यांनी उभं राहून विचारलं, "थे नदी गोठते, मंग आपली कायले गोठत नाही? सरपंचानं अर्ज तरी केलता काय?" त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

मामा, सुरुवातीला दिलेला नारळ गावकऱ्यांनी आभारप्रदर्शनात परत घेतला! वर ठराव केला: येत्या रविवारी ते गाव खरं असल्याचा पुरावा आणा, नाहीतर वाचनालयाची किल्ली वामनरावांच्या जावयाला द्या. म्हणजे वर्तमानपत्र फाडून त्यात भजी बांधून नेणाऱ्याला! माझा जीव आहे हो त्या वाचनालयात. नुसता तळतळाट झाला आहे.

आपला भाचा,
यज्ञेश्वर

ता. क. आपलं पुस्तक अजून आलेलं नाही. व्याख्यानाच्या सकाळपर्यंत वाट पाहिली, मग खिडकीत बसून टिपणं काढावी लागली. (गोठलेली नदी तेवढी भूगोलातली.) खिडकीतून जे दिसलं त्याला मी काय करू? दोष सर्वस्वी आपला. पुस्तक रविवारच्या आत यावं.

आणखी एक. त्या गावात पूल असल्याचं पुस्तकात निघालं, तर ते पान फाडून घ्यावं. टाकू मात्र नये, पाकिटात वेगळं घालावं. परत जाताना खेमसिंग नाईकांच्या हातून शेपूट सुटलं. बैल तांड्यावर पोचला, नाईक दोन कोस खाली निघाले. पूल कसा मिळवतात, ते आम्हा दोघांना वाचायचं आहे.